नमुन्याची पेशंट

दोंडाईच्यात ज्या घरात मिरचीचा धंदा आहे, तिथे खोकला हा आजार समजत नाहीत. तो हंगाम असतो. दिवाळीनंतर ओली लाल मिरची यायला लागली आणि पथारीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वाळवणाच्या मैदानावर पसरली गेली, की आमची गल्ली खोकायला लागते ती होळीपर्यंत खोकत राहते. पाहुणा आला आणि शिंकला नाही, तर त्याचंच काहीतरी बिघडलं असावं असं आम्ही धरून चालतो. अशा गावात माझ्या वडिलांचा खोकला प्रसिद्ध आहे, यावरून त्याची योग्यता काय असेल ते ओळखा.

आबांनी चाळीस वर्षं मिरचीची अडत केली. आता दुकान चुलतभाऊ पाहतो, आणि आबा ओट्यावर बसून रस्ता पाहतात आणि खोकतात. त्यांच्या खोकल्याचे तीन भाग असतात. आधी छातीत काहीतरी गुरगुरतं. मग ते एकदम गप्प होतात. त्या वेळात माहीतगार माणूस हातातली कपबशी खाली ठेवतो. आणि मग खोकला येतो. एकदा चुलतभावाला पाहायला आलेली मुलीकडची मंडळी घराच्या ओट्यावर बसली होती, आबांना खोकला आला, आणि मंडळींतल्या एका म्हाताऱ्याने उठून चप्पल घातली. ते लग्न पुढे जमलं, पण तो म्हातारा पुन्हा आमच्याकडे बसला नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र गंमत संपली. खोकता खोकता आबा ओट्यावरच आडवे झाले. डोळे पांढरे. अक्काने तोंडावर पाणी मारलं. अक्का म्हणजे माझी आई. मामालोक तिला अक्का म्हणायचे, ते ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो. दोन मिनिटांनी आबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "चहा थंडा व्हयना का?" अक्काने हे मला फोनवर हसत सांगितलं. मी जळगावात, ऑफिसच्या खुर्चीत बसलेली.  आबा आता काही जगत नाहीत, असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि ठरवलं, फुप्फुसांचा खरा डॉक्टर शोधायचा. खरा म्हणजे कागदावर खरा.

कारण माझं कामच ते आहे. एका कॉलेजच्या ऑफिसात मी प्रवेशाची कागदपत्रं तपासते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. माझ्या खिडकीतून खोटा कागद आत जात नाही. माझा नवरा सगळ्यांना सांगत असतो, अंतरपाट खाली झाला तेव्हा हिने माझ्याकडे मूळ प्रत तपासावी तसं पाहिलं. पाहिलं असेल. चुकीचं काय त्यात?

पहिली चूक मी ही केली, की नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारलं. "छातीचा चांगला डॉक्टर सांगा." तासाभरात एकोणीस नावं आली. त्यात एक हाडांचा, एक दातांचा, आणि एक तर डॉक्टरच नव्हता, कांद्याचा रस द्यायचा. जामनेरच्या मावसभावाने ढोरांच्या डॉक्टरचा नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, "आमच्या म्हशीला असाच दम लागत होता. एका सुईत उठली." त्यावर अकरा जणांनी हात जोडले होते. त्यातला एक हात आबांचा होता.

मग रविवारी मी स्कूटी काढली आणि जळगावातल्या दवाखान्यांचे बोर्ड वाचत फिरले. बोर्डावर आजार मोठ्या अक्षरांत असतात आणि पदवी बारीक. एका बोर्डावर दमा, टीबी, ॲलर्जी, घोरणं आणि मूळव्याध असं वरून खालपर्यंत सगळं लिहिलं होतं. माणूस नुसता उभा केला की झालं. पदवी वाचायला स्कूटी लावून गटार ओलांडावं लागायचं. छातीविकारांची एम.डी. वेगळी, डिप्लोमा वेगळा, आणि वर्गणी भरून मिळणारं सभासदत्व आणखी वेगळं, हे मी त्या गटारांच्या काठावर शिकले. एका ठिकाणी मी आत जाऊन नोंदणी क्रमांक विचारला, तर काउंटरवरच्या बाईंनी मला खालून वर पाहिलं. "मॅडम, तुम्ही पेशंट आहात की इन्कम टॅक्सच्या?"

डॉक्टरांच्या नोंदणीची एक परिषद असते. तिच्या वेबसाइटवर नंबर टाकला की डॉक्टर नोंदलेला आहे का ते कळतं, वेबसाइट चालू असेल तर. ती दुपारच्या डब्याच्या वेळी चालायची. मी एका हाताने पोळी खात चार डॉक्टर तपासले. चौथ्याच्या नंबरवर एका बाईंचं नाव आलं. बोर्डावरच्या फोटोत तर भरघोस मिशा होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं, बाई त्यांच्या पत्नी, आणि डोळ्यांच्या डॉक्टर. मी त्या दिवशी इतकी खूश झाले की साहेबांनी विचारलं, पगारवाढ झाली का.

पदवी जुळली की विमा अडायचा. आईवडिलांच्या आरोग्य विम्याची पॉलिसी मी दरवर्षी न चुकता भरते. कंपनीच्या फोनवर अर्धा तास बासरी ऐकली की एक मुलगी यायची आणि म्हणायची, हो मॅडम, ते हॉस्पिटल आमच्या यादीत आहे, कॅशलेस होईल. हॉस्पिटलला फोन केला की ते म्हणायचे, यादीत आहोत, पण सध्या कॅशलेस बंद आहे.

"सध्या म्हणजे कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

दुसऱ्या एका ठिकाणी खालच्या मजल्यावर कॅशलेस चालायचं आणि वरच्या मजल्यावर नाही. छातीचे डॉक्टर अर्थात वरच्या मजल्यावर बसायचे. त्यात आबांना फोनवर समजावून सांगणं हा वेगळा जुलूम. नुसतं तपासायला गेलं तर विमा देत नाही, भरती झालं तरच देतो, हे मी तीनदा सांगितलं. आबांनी विचार केला.

"म्हंजे उभा माणूसले काही नही, आडवा पडना तरच?"

"हो आबा."

"मंग त्या दिन मी आडवा पडनू, तवय कोनी का बरं नही दिधं?"

शेवटी धुळ्यात एक डॉक्टरबाई सापडल्या. छातीविकारांची एम.डी., नोंदणी क्रमांक जुळला, नाव अक्षरानअक्षर जुळलं, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या हॉस्पिटलच्या विम्याच्या खिडकीने आमची कंपनी चालते असं मला लेखी कळवलं. मी लेखीच मागितलं होतं. आबांचं कार्ड, आधार, जुने रिपोर्ट, फोटो, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, अशी निळी फाइल केली आणि शनिवारी सुरतकडे जाणाऱ्या गाडीत बसले. नरडाण्याला गाडी उगाचच पाऊण तास उभी राहिली. मी फाइल उघडून पुन्हा सगळं मोजून घेतलं.

आबांनी फाइल उघडली नाही. हातावर तोलली आणि बाजूला ठेवली.

"कागद झाया. माल देखा का?"

आता इथे आबांची पद्धत सांगावी लागेल. पोत्याच्या तोंडाची मिरची पाहून आबा जन्मात कधी भाव बोलले नाहीत. तोंडाशी सगळेच लाल, चकचकीत मिरची ठेवतात. आबा कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढायचे, एक मिरची मोडून हुंगायचे, मग बोलायचे. डॉक्टरच्या भिंतीवरची पदवी म्हणजे पोत्याच्या तोंडाची मिरची, असं त्यांचं ठाम मत आहे. यालाही कारण आहे. एकदा त्यांना साधी उचकी लागली होती आणि एका डॉक्टरने त्यांना तीन दिवस सलाईनवर ठेवलं. उचकी पहिल्याच दिवशी थांबली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. आबा तर ताकाचा नमुना मागतात.

"धडधाकट माणूस धाडानं," आबा म्हणाले. "तुले काही नही व्हयेल, घर जाय, असं म्हने ते डॉक्टर खरी. आजार काढे, ते चोर."

मला राग आला. दीड महिना मी गटारं ओलांडली होती. पण पंचाईत अशी, की युक्तिवादात खोट सापडेना. मी म्हटलं, ठीक आहे, मी जाते धडधाकट म्हणून.

"तुले सर्दी शे. घरमा बठ्ठासमा ठणठणीत कोन? तुनी माय."

ते खरं होतं. अक्काला कधी ताप आलेला मला आठवत नाही. घरातले सगळे आळीपाळीने पडायचे आणि अक्का उठवायची. चाळीस वर्षं तिने बायकांबरोबर मिरचीची देठं खुडली, चुलीवर कळण्याच्या भाकरी भाजल्या, आणि कधी डोकं दुखतंय म्हणाली नाही. चालते हळू, पण तो तिचा स्वभावच आहे, असं आमचं सगळ्यांचं मत. तिला धुळ्याला येतेस का विचारलं तेव्हा ती भांडी घासत होती. तिने हात पुसले.

"धुये जावानं शे? मंग मी ती जांभळी साडी नेसू का?"

पण नमुना झाला तरी पेशंटला खोकला हवा. अक्काला खोकता येईना. ती "अह्हं" असं करायची, नव्या सुनेने सासऱ्यासमोर घसा साफ करावा तसं.

"असं नही," आबा म्हणाले. "पोटथीन काढ."

"अह्हं."

"अवं, हाई खोकला शे का उखाना शे? देख, मी करी दखाडस."

आबांनी करून दाखवला. दाखवायला घेतलेला खोकला खरा निघाला आणि दहा मिनिटं थांबेना. मी पाणी आणलं, पाठ चोळली. गुरूची ही अवस्था पाहून अक्काला हसू फुटलं. ती इतकी हसली की तिला दम लागला, ती भिंतीला टेकून खाली बसली, तोंडाने श्वास घ्यायला लागली, आणि आम्हाला वाटलं हसून हसून तिची पुरेवाट झाली. म्हणून आम्ही आणखी हसलो.

सोमवारी आम्ही तिघं एसटीने धुळ्याला निघालो. तिघं म्हणजे मी आणि अक्का एकत्र, आणि आबा अनोळखी. हेरगिरी करायची तर आधीपासून करायची, म्हणून त्यांनी एसटीतही वेगळ्या सीटवर बसून वेगळं तिकीट काढलं. चिमठाण्याच्या पुढे अक्काने त्यांना डब्यातली शेव दिली, तर त्यांनी तिच्याकडे न पाहता घेतली.

दवाखान्यात आबा आमच्या समोरच्या बाकावर बसले आणि शेजारच्या पेशंटांकडे चौकशी सुरू केली. किती दिवसथीन येतस, फरक पडना का, सलाईन लावस का. सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्यांच्या छातीत गुरगुरलं. मी अक्काकडे पाहिलं, अक्काने डोळे मिटले.

खोकला संपला तेव्हा आबांच्या आजूबाजूचे दोन्ही बाक रिकामे होते. छातीच्या दवाखान्यातली, खोकण्यात मुरलेली माणसं ती. त्यांनीसुद्धा जागा बदलली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपला पंप काढून आबांपुढे धरला. काउंटरवरच्या बाई धावत आल्या.

"आबा, चला, तुम्ही आधी आत चला. नंबर राहू द्या."

"मी पेशंट नही शे."

"मग कोण आहात?"

आबांनी खिडकीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. "मी हवा खावाले उनू."

बाईंनी त्यांच्या तोंडाला मास्क बांधला आणि त्यांना दाराजवळ, जिथे हवा जास्त आहे, तिथे बसवलं.

आमचा नंबर लागला. डॉक्टरबाई चाळिशीच्या, नाकावर चष्मा, आवाज बारीक. भिंत कोरी करकरीत होती.  एवढं करून पदवीच नाही?

"सर्टिफिकेट दिसत नाही कुठे," मी म्हटलं. मला असं बोलायचं नव्हतं, पण सवय.

"भिंतीला ओल आली होती, काढून ठेवलंय." त्यांनी ड्रॉवर उघडला. "मूळ प्रत घरी आहे. झेरॉक्स चालेल?"

आयुष्यात पहिल्यांदा एक डॉक्टर मला हा प्रश्न विचारत होत्या. मी म्हटलं, चालेल. आणि तरी ती पाहिली.

"हं, मावशी, काय होतंय?"

अक्का सावरून बसली. "खोकला येस. अह्हं."

"कधीपासून?"

अक्काला खोटं बोलता येत नाही. हे आम्ही कसं विसरलो, देव जाणे. "परवापासून," ती म्हणाली. "ह्यास्नी शिकाडा."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी निळी फाइल छातीशी धरली आणि सगळं सांगून टाकलं: ओटा, आबांचे पांढरे डोळे, पोतं, तळातली मूठ, बाहेर हवा खात बसलेले आबा. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसत हसतच त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला. "आलाच आहात तर नमुना तपासून घेऊ. मावशी, मोठा श्वास घ्या."

त्यांनी अक्काच्या पाठीवर खाली एका जागी ऐकलं. मग दुसऱ्या जागी. मग पुन्हा पहिल्या. त्यांचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही, पण ते गेलं होतं.

त्यांनी अक्काच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि तिला कॉरिडॉरमधून चालवून आणलं. जांभळ्या साडीत अक्का गेली आणि आली. चिमट्यावरचा आकडा पाहून डॉक्टरबाईंनी तिला लगेच खाली बसवलं. मग एका मशीनमध्ये फुंकायला लावलं. चाळीस वर्षं चूल फुंकलेली बाई, पण तिची फुंकर अर्ध्यातच संपली. पुन्हा फुंकली, पुन्हा संपली.

"मावशी, घरी जिना आहे?"

"गच्चीवर जावाले शे ना. वाळवन टाकाले जास मी."

"मध्ये थांबावं लागतं?"

"तीनदा बसस."

"किती वर्षं झाली?"

अक्काने बोटांवर मोजलं. "तीन व्हयनात."

मी तिथेच बसले होते. हे मी पहिल्यांदा ऐकत होते. डॉक्टरबाईंनी मला साध्या शब्दांत सांगितलं: मिरचीची धूळ आणि चुलीचा धूर वर्षानुवर्षं आत गेलाय, फुप्फुसं आखडत चालली आहेत. झालेलं पुसता येणार नाही, पण औषधाने इथेच थांबवता येईल असं वाटतं. भरती करून दोन दिवस तपासण्या करायच्या. "आणखी वर्षभर आला नसतात तर अवघड होतं," त्या म्हणाल्या.

मी आबांना बोलवायला बाहेर गेले. माझं तोंड पाहून ते उठले. मी सांगितलं. आणि आबांच्या मास्कच्या वर जो चेहरा दिसत होता, तो विजयी होता.

"देखं? मी सांगं नही व्हतं? चोर शे!"

ते तरातरा आत आले. "डॉक्टरबाई, हाई बाई ठणठणीत शे. आम्ही तिले नमुना म्हनीसन आनी व्हती. तुम्ही पकडाई गयात."

"ठणठणीत आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कोन सांगी? पन्नास वरीसथीन देखी ऱ्हायनू मी!" आबा अक्काकडे वळले. "सांग ना त्यास्ले. काय व्हयेल शे तुले?"

अक्काने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. हात दाखवून अवलक्षण झालं होतं आणि तिला वाटत होतं चूक तिचीच.

"दम लागस," ती म्हणाली.

"माले कधी नही सांगं!"

"तुम्ही खोकतस ना," अक्का म्हणाली. "घरमा एक जन खोकस तेच पुरे."

आबांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता खोकला येणार. पण आला नाही. ते खाली बसले, स्टुलावर, डॉक्टरबाईंच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्टुलावर. तळातली मूठ काढणारे आबा आणि मूळ प्रत मागणारी मी, आम्ही दोघांनी मिळून अख्ख्या खान्देशचे डॉक्टर तपासले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला माझी इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

डॉक्टरबाईंनी त्याच बैठकीत आबांनाही तपासलं. पाठीवरून, पुढून, बोटाला चिमटा लावून.

"रात्री किती वाजता जेवता?"

"नवले."

"आणि झोपता?"

"सव्वानवले."

"आबा, तुमची फुप्फुसं चांगली आहेत. पित्त घशाशी येतं, त्याचा खोकला आहे. फार जोरात खोकलात की चक्कर येते. हृदय एकदा तपासून घेऊ, पण मला यात घाबरण्यासारखं दिसत नाही."

"नुसतं पित्त?" आबा म्हणाले. ज्या खोकल्यापायी एक म्हातारा सोयरिकीतून उठून गेला होता, तो पित्ताचा निघाला. दुसऱ्या कोणत्याही दिवशी त्यांनी यावर तासभर वाद घातला असता. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "माना राहू द्या. तिना देखा."

आणि मला म्हणाले, "भरती कर. इचारू नको कोनले काही."

मी विम्याच्या खिडकीवर गेले. निळी फाइल ठेवली, ज्योतिषाच्या पोपटासारखे सगळे कागद एकामागून एक काढले. खिडकीतल्या बाई पाहत राहिल्या.

"फाइल छानच आहे, ताई. पण हे सगळं बाबांचं. पेशंट तर मावशी ना?"

पॉलिसीत अक्काचं नाव होतं. दुसऱ्या ओळीत, इतकी वर्षं. तिचं कार्ड मात्र कधी कोणी काढलंच नव्हतं. कोणी म्हणजे मी. ते फोनवरूनच निघतं, दोन मिनिटांचं काम, आणि मी ते केलं नव्हतं, कारण अक्काला कार्ड कशाला लागणार?

मी फोनवर कार्ड काढायला घेतलं. ओटीपी गेला आबांच्या मोबाइलवर. मी म्हटलं, आबा, आकडे सांगा. आबांनी मोबाइल पाठीमागे धरला.

"ओटीपी कोनले सांगानं नही. बँकवाला रोज सांगस."

"आबा, मी तुमची मुलगी आहे!"

"पोटनी पोरले बी सांगानं नही. असंच सांगेल शे त्यास्नी."

ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. तोही पाठीमागे संपला. खिडकीतल्या बाईंनी समजावलं, रांगेतल्या दोघांनी समजावलं, वॉचमनने समजावलं. आबांना वाटलं इतकी माणसं मागताहेत म्हणजे टोळीच असणार. मी आता ओरडणार होते. तेवढ्यात बाकावरून अक्का म्हणाली, "सांगी द्या ना आते. माले पाठ टेकानी शे."

आबांनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि सहाच्या सहा आकडे, बाजारात भाव पुकारावा तसे, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जातील असे पुकारले. कोपऱ्यातल्या एका पेशंटने ते लिहूनही घेतले.

कार्ड आलं. मी फोन अक्काला दाखवला. तिने स्वतःचं नाव अक्षर लावून वाचलं. "हाई मनं शे?" तिने विचारलं, आणि पुन्हा वाचलं. कॅशलेस मंजूर व्हायला चार वाजले. तोवर आबांनी खिडकीतल्या बाईंना नऊ वेळा विचारलं आणि एकदा चहा पाजला.

संध्याकाळी डॉक्टरबाई वॉर्डात आल्या. अक्का खाटेवर बसली होती, नाकाला नळी, अंगावर दवाखान्याचा हिरवा गाऊन, आणि घडी केलेली जांभळी साडी उशाशी. डॉक्टरबाईंनी तिला पुढे वाकायला सांगितलं आणि पाठीला स्टेथोस्कोप लावला. तेवढ्यात माझ्या शेजारी ते ओळखीचं गुरगुरणं सुरू झालं.

डॉक्टरबाईंनी मान वर न करता हात वर केला. "आबा, जरा. मला ऐकू द्या."

आबांनी खांद्यावरचा रुमाल ओढला आणि त्याचा बोळा तोंडात कोंबला. त्यांचे डोळे बाहेर आले, मान लाल झाली, कानशिलावरच्या शिरा टरारल्या. सगळं शरीर गदगदा हलत होतं, पण आवाज नाही. एका हाताने त्यांनी खाटेची कड धरली होती. मी त्यांची पाठ चोळायला गेले तर त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं. डॉक्टरबाई सावकाश एकेक जागा बदलत होत्या.

आबा जागे असताना इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. आणि त्या शांततेत मला अक्काचा श्वास ऐकू आला. आत जाताना आखूड, बाहेर येताना बारीक शिटीसारखा, आणि दोन्हींच्या मध्ये थोडं थांबणं, पुढचा घ्यावा की नाही असं. स्टेथोस्कोप लागत नव्हता त्याला. चार हातांवरून ऐकू येत होता.

डॉक्टरबाईंनी नळ्या कानातून काढल्या. आबांनी तोंडातला बोळा काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते खोकल्याचं की कशाचं, मी विचारलं नाही.

"ऐकू उना का तिना श्वास?" त्यांनी कुजबुजत विचारलं. विचारलं डॉक्टरबाईंना होतं.

"उना, आबा," मी म्हटलं.